लॅपटॉपच्या बांधावरचं शेततळं

जुना लॅपटॉप रडतखडत चालतो, म्हणून तो लगेच भंगारात काढायची गरज नसते. बऱ्याचदा प्रोसेसर ठणठणीत असतो, दमलेली असते ती हार्ड डिस्क. तिच्या जोडीला थोडीशी फ्लॅश मेमरी दिली तर काय होतं? आणि तसं करताना आपण नेमकी कसली जोखीम घेतो? वैजापूरच्या पोरापोरींना हे समजायला फार लांब जायला नको. बांधावरचं शेततळं पाहिलं तरी पुरे!

शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख. दुपारभर गेलेली लाइट आत्ता कुठे आली आहे. मोठ्या भावाने वापरून तुम्हाला दिलेला लॅपटॉप तुम्ही सुरू करता. लोगो येतो. ठिपके गोल गोल फिरायला लागतात. फिरतच राहतात. डेस्कटॉप दिसतो, पण ब्राउझरवर क्लिक केलं की पुन्हा सगळं थिजतं. आतून बारीक कुरकुर ऐकू येते. तेवढ्यात मैत्रिणीचा मेसेज येतो, ‘माझा भरून झाला, तुझा?’

गंमत अशी की तिच्या लॅपटॉपचा प्रोसेसर तुमच्यापेक्षा फार भारी असतो असं नाही. रॅमही तेवढीच असते. मग फरक कुठे पडतो?

विंडोजचं टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सच्या पानावर जा. प्रोसेसर वीसेक टक्क्यांवर निवांत बसलेला असेल आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असेल, तर चोर सापडला. सगळे डिस्कची वाट बघत बसलेत.

कुरकुर कशाची असते?

हार्ड डिस्कच्या डबीत आरशासारख्या चकत्या असतात आणि त्या सतत फिरतात. लॅपटॉपमधली डिस्क सहसा मिनिटाला ५,४०० फेरे मारते. म्हणजे सेकंदाला ९० फेरे, एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. चकतीवर एक बारीक दांडी पुढेमागे सरकते. तिच्या टोकाला वाचणारं डोकं असतं.

तुम्हाला हवी असलेली माहिती चकतीवर कुठे तरी असते. दांडी आधी त्या वर्तुळावर सरकणार, त्याला साधारण १० मिलिसेकंद. मग ती जागा फिरत फिरत डोक्याखाली यायची वाट बघणार, सरासरी अर्धा फेरा म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. झाले १५ मिलिसेकंद. डोळ्याची पापणी लवायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो. मग तक्रार कसली?

तक्रार संख्येची आहे. संगणक सुरू होताना किंवा मोठं सॉफ्टवेअर उघडताना डिस्कवरच्या हजारो बारीकसारीक तुकड्यांची मागणी होते. समजा असे १०,000 तुकडे वेगवेगळ्या जागी विखुरलेले आहेत. १०,००० गुणिले १५ मिलिसेकंद म्हणजे १५० सेकंद. अडीच मिनिटं फक्त दांडीच्या पळापळीत गेली!

तीच डिस्क एखादा सिनेमा मात्र सुरळीत दाखवते. कारण सिनेमाची फाइल बहुतेक सलग असते. दांडी एकदा जागेवर बसली की चकती फिरते आणि माहिती धो धो येत राहते. वैजापूरहून छत्रपती संभाजीनगरला विनाथांबा गाडीने जाणं आणि प्रत्येक फाट्यावर थांबणाऱ्या गाडीने जाणं, यात रस्ता तोच असतो, वेळ तेवढा बदलतो. हार्ड डिस्कला थांबे सोसत नाहीत.

फ्लॅश मेमरीत फिरणारं काहीच नसतं. माहिती सिलिकॉनच्या बारीक कप्प्यांत विजेच्या भाराच्या रूपात अडकवलेली असते. कुठलाही तुकडा मागा, तो सुमारे ०.१ मिलिसेकंदात हजर. मघाचे १०,००० तुकडे इथून वाचले तर एका सेकंदात काम होतं. मैत्रिणीचा लॅपटॉप का पळतो, याचं उत्तर हेच. तिच्याकडे एसएसडी आहे, म्हणजे अख्खी डिस्कच फ्लॅशची आहे.

धरण, कालवा आणि शेततळं

पण फ्लॅश महाग आणि हार्ड डिस्क स्वस्त, असं गणित वर्षानुवर्षं होतं. मोठ्या साठ्यासाठी ते आजही आहे. मग इंजिनिअरांनी तोच विचार केला, जो आपल्या तालुक्यातला शेतकरी करतो.

वैजापूर आणि गंगापूरच्या शेतांना नांदूर-मधमेश्वरच्या जलद कालव्याचं पाणी येतं. त्या पाण्याचा साठा वर, नाशिक जिल्ह्यातल्या मुकणे, भावली, भाम, वाकी या धरणांत. साठा मोठा, पण लांब. पाणी आवर्तनाने येतं. कांद्याला आज पाणी हवंय म्हणून कालवा आज सुटत नाही. मग शेतकरी काय करतो? कालव्याला पाणी आहे तोवर किंवा पावसाळ्यात विहिरीला आहे तोवर मोटार लावून शेततळं भरून घेतो. ‘मागेल त्याला शेततळे’ ही राज्याची योजना २०१६ मध्ये आली. त्यानंतर पन्नीचं अस्तर लावलेली तळी आपल्याकडे जागोजागी दिसायला लागली. शेततळं काही धरणाएवढं नसतं, ते त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण ते बांधावर असतं, आणि शेवटचं एक पाणी वेळेवर मिळालं की पीक हाती लागतं.

संगणकात हार्ड डिस्क म्हणजे धरण. फ्लॅश म्हणजे शेततळं. रॅम म्हणजे घरातला माठ. वारंवार लागणाऱ्या माहितीची एक प्रत फ्लॅशमध्ये ठेवायची. पुन्हा मागणी आली की आधी तिथे बघायचं. सापडली तर डिस्कला उठवायचंच नाही. या जवळच्या साठ्याला म्हणतात कॅश.

हा कॅश खिशातल्या रोकडीचा नाही बरं का. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग वेगळं आहे. हा शब्द ‘लपवणे’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला. पण लक्षात ठेवायला खिशातली कॅशही चालेल. सगळे पैसे बँकेत असतात, चहापुरते खिशात.

अंतरं किती आहेत, ते एका हिशेबाने बघू. रॅममधून माहिती यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. समजा तो काळ ताणून एक सेकंदाचा केला, म्हणजे माठातून तांब्या भरून घेण्याएवढा. त्याच मापाने फ्लॅशला सुमारे १७ मिनिटं लागतील, म्हणजे शेततळ्यावर जाऊन कळशी भरून आणायची. आणि हार्ड डिस्कला? जवळजवळ ४२ तास! आज मागितलेलं पाणी परवा येणार. माठ आणि धरण यांच्यामधली ही भलीमोठी दरी भरायचं काम फ्लॅश करते.

शेततळ्याची उपमा एका जागी मात्र तुटते, तेही सांगतो. पाणी वापरलं की संपतं, माहिती वाचली म्हणून संपत नाही. आणि पाणी कुठलंही चालतं, माहिती मात्र नेमकी तीच लागते. म्हणून खरा प्रश्न असा आहे की या छोट्या तळ्यात भरायचं काय?

९० टक्के म्हणजे फर्स्ट क्लास?

मागितलेली माहिती कॅशमध्ये सापडली तर तिला ‘हिट’ म्हणतात, नाही सापडली तर ‘मिस’. परीक्षेत ९० टक्के पडले तर घरात पेढे वाटतात. इथे ९० टक्के हिटला काय मिळतं ते वहीत करून बघा.

शंभर मागण्यांपैकी ९० फ्लॅशमधून आल्या, प्रत्येकी ०.१ मिलिसेकंद. झाले ९. उरलेल्या १० डिस्कवरून, प्रत्येकी १५. झाले १५०. एकूण १५९, म्हणजे एका मागणीला सरासरी १.५९ मिलिसेकंद. नुसत्या डिस्कच्या १५ पेक्षा साडेनऊ पटींनी जास्त वेग. छानच आहे.

आता ९९ टक्के हिट धरा. ९९ मागण्यांचे ९.९, एका मागणीचे १५. एकूण २४.९, सरासरी ०.२५ मिलिसेकंद. हिट फक्त नऊ टक्क्यांनी वाढले आणि वेग आणखी सहापटींनी वाढला!

यातून एक गोष्ट कळते. वेळ खातात ते मिस. त्यामुळे तळ्याचा आकार दुप्पट करण्याइतकंच, कधी कधी त्याहूनही जास्त, महत्त्व आत काय ठेवलंय याला असतं.

काय ठेवायचं, काय काढायचं?

ही अडचण किराणा दुकानदाराला रोज येते. गल्ल्यामागची फळी छोटी, मागचं गोदाम मोठं. फळीवर काय ठेवणार? सगळ्यात साधा नियम असा की जे नुकतंच विकलं गेलं ते फळीवर ठेवा, आणि जागा लागली की ज्याला सगळ्यात जास्त दिवस कुणी हात लावला नाही ते आत टाका. संगणकशास्त्रात हा ‘एलआरयू’ नियम. बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटरवाल्यांना तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात भेटतोच, पाच-दहा मार्कांना.

नियम चांगला, पण भोळा. समजा एका लग्नघरची यादी आली. पन्नास वस्तू, एकदाच लागणाऱ्या. दुकानदाराने त्या सगळ्या फळीवर आणल्या आणि जागेसाठी साखर, चहा, तेल आत टाकलं. लग्नघर परत येणार नाही. दुसऱ्या दिवशी रोजचं गिऱ्हाईक आलं की प्रत्येक पुड्यासाठी गोदामात फेऱ्या! संगणकात हे लग्नघर म्हणजे तुम्ही एकदा बघितलेला सिनेमा किंवा अख्ख्या डिस्कचं अँटिव्हायरस स्कॅन. एकदाच लागणारी ढीगभर माहिती येते आणि रोजची उपयोगी माहिती बाहेर फेकते.

यावर एक देखणा उपाय २००३ मध्ये आला, आणि त्यात आपल्याकडे शिकलेल्या एकाचा हात आहे. धर्मेंद्र मोधा १९९० मध्ये आयआयटी मुंबईतून कॉम्प्युटर सायन्सचे बीटेक झाले. पुढे अमेरिकेत आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेत त्यांनी निम्रोद मेगिडो यांच्याबरोबर ‘एआरसी’ नावाची पद्धत मांडली. नावाचा अर्थ साधारण असा, परिस्थिती बघून स्वतःला बदलणारा कॅश.

त्यात दोन याद्या असतात. एकीत नुकतंच एकदा मागितलेलं, दुसरीत दोन किंवा जास्त वेळा मागितलेलं. लग्नघराचा माल पहिल्या यादीत येतो आणि तिथूनच निघून जातो. साखर-चहा दुसऱ्या यादीत सुरक्षित राहतात. आणि खरी हुशारी पुढे आहे. बाहेर काढलेल्या वस्तूंची नुसती नावं ही पद्धत आठवणीत ठेवते. काढून टाकलेलीच वस्तू कुणी पुन्हा मागितली, तर ती स्वतःशी म्हणते, ‘अरे, ती यादी मी फार छोटी केली’, आणि त्या यादीला जागा वाढवून देते. कुणी येऊन सेटिंग बदलायची गरज नाही. स्वतःच्या चुकांची नोंद ठेवायची आणि तिच्यावरून शिकायचं, एवढंच तिचं तंत्र.

ही पद्धत पोस्टग्रेस या प्रसिद्ध डेटाबेसने २००५ मध्ये घेतली होती, पण आयबीएमच्या पेटंटची अडचण दिसताच काढून टाकली. सन कंपनीच्या झेडएफएस या फाइल सिस्टिमने मात्र तिचं सुधारलेलं रूप वापरलं, आणि पुढे रॅममधून बाहेर पडणारा माल फ्लॅशवर ठेवायचा दुसरा टप्पाही जोडला. माठातून सांडलेलं शेततळ्यात!

आणखी एक सोपी युक्ती आहे. सलग येणारी मोठी फाइल कॅशमध्ये घ्यायचीच नाही. लिनक्समधला बीकॅश सरसकट चार एमबीपेक्षा लांब सलग वाचन दिसलं की ते थेट डिस्ककडे सोडून देतो. सलग कामात डिस्क मुळात वाईट नसते. मग तळ्यातली जागा कशाला अडवायची?

‘झालं’ म्हणजे खरंच झालं का?

इथपर्यंत वाचण्याचा विषय होता. लिहिण्याचा विषय आला की जोखीम सुरू होते, म्हणून इथे जरा सावकाश वाचा.

समजा तुम्ही खिडकीवर अर्ज दिला. एक कारकून तुमच्यासमोर मोठ्या रजिस्टरात नोंद करतो आणि मगच म्हणतो, ‘झालं’. वेळ लागतो, पण बिनघोर. दुसरा कारकून चिठ्ठीवर नाव टिपतो, लगेच म्हणतो, ‘झालं, जा तुम्ही’, आणि संध्याकाळी सगळ्या चिठ्ठ्या एकदम रजिस्टरात उतरवतो. रांग भराभर सरकते. पण मधेच चिठ्ठी हरवली तर?

पहिल्या पद्धतीला ‘राइट-थ्रू’ म्हणतात. माहिती कॅशमध्ये आणि डिस्कवर अशी दोन्हीकडे लिहून झाल्यावरच होकार मिळतो. दुसरी ‘राइट-बॅक’. आधी कॅशमध्ये लिहून होकार, डिस्कवर नंतर सवडीने. वेग दुसरीत जास्त. पण काही काळ तुमच्या फाइलची ताजी प्रत फक्त कॅशमध्ये असते.

इंटेलने २०११ मध्ये झेड६८ चिपसेटबरोबर छोट्या एसएसडीला हार्ड डिस्कचा कॅश बनवायची सोय दिली. तिचे दोन प्रकार होते, ‘एनहान्स्ड’ आणि ‘मॅक्सिमाइज्ड’. पहिला राइट-थ्रू, दुसरा राइट-बॅक. आता सांगा, सेटिंगमध्ये हे दोन शब्द दिसले तर तुम्ही कुठल्यावर टिक कराल? बहुतेक जण ‘मॅक्सिमाइज्ड’वर. त्या शब्दात वेग दिसतो, जोखीम दिसत नाही.

लाइट गेल्यावर नेमकं काय होतं, यात लोकांचा गोंधळ होतो. चिठ्ठी रॅममध्ये असेल तर लाइटबरोबर ती गेलीच. लिनक्स सरसकट सेटिंगमध्ये लिहिलेली माहिती सुमारे ३० सेकंदांपर्यंत रॅममध्ये धरून ठेवू शकतो. चिठ्ठी फ्लॅशमध्ये असेल, तर लाइट जाऊनही फ्लॅश ती विसरत नाही. धोका वेगळाच आहे. तो फ्लॅशचा तुकडाच बिघडला किंवा कुणी काढून घेतला, तर डिस्क धडधाकट असूनही तिच्यावरची माहिती अर्धी जुनी, अर्धी नवी राहते. कधी कधी फाइल सिस्टिमच उघडत नाही.

आणि फ्लॅश झिजते, हेही लक्षात घ्या. तिच्या कप्प्यावर नवीन लिहायचं तर आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि प्रत्येक पुसण्याने थोडी झीज होते. कप्प्यात एकच बिट ठेवणारी महागडी एसएलसी फ्लॅश साधारण लाखभर वेळा पुसणं सोसते. तीन बिट ठेवणारी स्वस्त टीएलसी साधारण एक ते तीन हजार वेळा. कॅश म्हणून वापरलेल्या फ्लॅशवर लिहिण्या-पुसण्याचा मारा सगळ्यात जास्त असतो. म्हणजे ज्या तुकड्यावर सगळ्यात जास्त भरवसा, तोच सगळ्यात जास्त झिजणारा.

आपल्या भागात याचा सरळ अर्थ काय? भावाने दिलेल्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेली असते आणि तो फक्त प्लगवर चालतो. नव्या लॅपटॉपला बॅटरी हाच इन्व्हर्टर असतो, तुम्हाला तोही आधार नाही. प्रोजेक्टचा रिपोर्ट सेव्ह केला आणि त्याच क्षणी लाइट गेली, तर ‘सेव्ह’ हा शब्द किती खरा होता, ते पुन्हा सुरू केल्यावरच कळतं.

पेनड्राइव्हपासून ऑप्टेनपर्यंत

कॅशची मूळ कल्पना फ्लॅशच्याही आधीची आहे. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये मोठ्या संथ मेमरीपुढे छोटी वेगवान मेमरी ठेवायचा विचार मांडला. १९६८ मध्ये आयबीएमने जाहीर केलेल्या ३६० मालिकेतल्या ‘मॉडेल ८५’ मध्ये कॅश प्रत्यक्ष आला. फ्लॅश त्यानंतरची. जपानमध्ये तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये जगापुढे मांडली, आणि आज पेनड्राइव्ह-एसएसडीत असते ती नँड फ्लॅश १९८७ मध्ये.

घरोघरी या दोघींची गाठ पडली २००७ मध्ये, विंडोज व्हिस्टाबरोबर. तुम्ही तेव्हा लहान असाल किंवा जन्मलेही नसाल. पेनड्राइव्ह लावला की तो कॅश म्हणून वापरायचा का, असं विंडोज विचारायचं. ‘रेडीबूस्ट’ तिचं नाव. त्यात एक शहाणपण होतं. पेनड्राइव्हवरच्या प्रत्येक गोष्टीची प्रत डिस्कवर असायचीच. कुणी मधेच तो उपटला, तरी काम मंदावायचं, माहिती जायची नाही.

२०१० मध्ये सीगेटची ‘मोमेंटस एक्सटी’ आली. ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि तिच्याच पोटात चार जीबी फ्लॅश. त्याच वर्षी फेसबुकने आपल्या डेटाबेस सर्व्हरांसाठी बनवलेलं ‘फ्लॅशकॅश’ सगळ्यांसाठी खुलं केलं. २०१३ मध्ये डीएम-कॅश आणि बीकॅश हे दोन्ही थेट लिनक्सच्या गाभ्यात आले. आजही ते तिथे आहेत, फुकट.

२०१७ मध्ये इंटेलने ‘ऑप्टेन’ आणलं. ती जातीने फ्लॅश नव्हती, वेगळ्या तंत्राची मेमरी होती. पण १६ आणि ३२ जीबीच्या पट्ट्यांचं काम तेच, हार्ड डिस्कच्या बांधावर शेततळं. इथे जाहिरातवाल्यांनी हात मारला. चार जीबी रॅम आणि १६ जीबी ऑप्टेन यांची बेरीज करून ‘२० जीबी मेमरी’ असं लिहिलं जाऊ लागलं. माठ आणि शेततळं यांची बेरीज करून ‘घरात एवढं पाणी आहे’ म्हणण्यासारखंच! २०२२ मध्ये इंटेलने तो व्यवसाय गुंडाळला. पण त्या काळातले लॅपटॉप आता सेकंडहँड बाजारात आहेत, आणि ते घेणारे तुम्ही आहात.

मग आज काय करायचं?

स्पष्ट सांगायचं तर एका लॅपटॉपपुरता हिशेब आता सोपा झालाय. छोटी एसएसडी कॅश म्हणून लावण्यापेक्षा हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवणं बरं. आठ-दहा वर्षांच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती जागेवर बसते. सगळंच फ्लॅशवर असेल तर काय ठेवायचं, काय काढायचं हा प्रश्नच उरत नाही आणि चिठ्ठी-रजिस्टरचा घोळही नाही. बांधावर बारमाही नदी आली तर शेततळं कशाला?

कॅश मात्र संपलेला नाही, तो आत सरकलाय. स्वस्त एसएसडीवर मोठा फोल्डर कॉपी करताना कधी बघितलंय? सुरुवातीला वेग भन्नाट, मग एकदम गळपटतो. त्या एसएसडीने स्वतःचाच थोडा भाग वेगवान कॅश म्हणून राखलेला असतो. तो भरला की मूळ संथ कप्प्यांवर थेट लिहावं लागतं. शेततळं भरलं, आता पुन्हा कालव्याच्या वेगाने.

आणि जिथे साठा अवाढव्य आहे तिथे हार्ड डिस्क आणि फ्लॅशची जोडी आजही नांदते. नेटफ्लिक्स आपले सर्व्हर इंटरनेट कंपन्यांच्या दारात ठेवतं. त्यात सगळ्यात जास्त मागणीचे सिनेमे फ्लॅशच्या सर्व्हरवर आणि बाकीचा मोठा साठा डिस्कवर, अशी वाटणी असते. हे काम आपल्याही जवळचं आहे. व्हेरिटाससारख्या स्टोरेज सॉफ्टवेअरच्या कंपनीचं मोठं केंद्र पुण्यात उभं राहिलं. डेटाचा बॅकअप सांभाळणारी ‘द्रुवा’ २००८ मध्ये पुण्यातच सुरू झाली. या क्षेत्रात वेबसाइट बनवण्याइतकी गर्दी नाही. सी भाषा, ऑपरेटिंग सिस्टिम आणि लिनक्स पक्कं असलेल्यांना इथे वाव आहे. रोटेगावहून पुण्याला जायचा विचार असेल, तर हेही डोक्यात असू द्या.

तोवर एक प्रयोग घरीच करा. लॅपटॉप पूर्ण बंद करून सुरू करा. सगळं शांत झालं की एखादं जड सॉफ्टवेअर उघडा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ टिपा. ते बंद करून लगेच पुन्हा उघडा, पुन्हा टिपा. दुसरी वेळ बहुधा बरीच कमी येईल. तुमच्या संगणकाने मधल्या वेळात कुणाला न विचारता रॅमचा माठ भरून ठेवला होता. कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स असेल तर टर्मिनलवर ‘फ्री’ ही आज्ञा द्या, ‘बफ/कॅश’ नावाच्या रकान्यात त्या माठातलं पाणी आकड्यात दिसेल. जर्नलमध्ये लिहिलेली एलआरयूची आकृती मग नुसती आकृती राहत नाही.

आणि फॉर्मचं म्हणाल, तर तो शेवटच्या दिवशी भरू नका. लाइट, सर्व्हर आणि जुनी डिस्क, तिघांवर एकदम भरवसा ठेवण्याएवढी जोखीम तर राइट-बॅकवालाही घेत नाही.

चौकट : सेकंडहँड लॅपटॉप घेताना

• ‘मेमरी किती’ असं विचारू नका. ‘रॅम किती?’ आणि ‘डिस्क हार्ड डिस्क आहे की एसएसडी?’ असे दोन वेगळे प्रश्न विचारा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या नावाखाली प्रकार दिसतो, तो स्वतः बघा.

• हार्ड डिस्कबरोबर १६ जीबी ऑप्टेन असेल तर ती पट्टी अशीच ओढून काढू नका. आधी सॉफ्टवेअरमधून ऑप्टेन बंद करा, लॅपटॉप पुन्हा सुरू करा, मगच स्क्रू फिरवा. नाहीतर विंडोज सुरूच न होण्याची भीती असते.

• हार्ड डिस्क बदलण्याआधी बॅकअप घ्या. फोटो, मार्कशीट, दाखले, प्रोजेक्ट. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक ऑनलाइन.

• बॅटरी मेलेली असेल तर वेग वाढवण्याआधी बॅटरीचा विचार करा. अचानक बंद पडणाऱ्या लॅपटॉपवर राइट-बॅक कॅश नकोच.

• पेनड्राइव्ह काढताना ‘इजेक्ट’ करायची सवय ठेवा. त्या एका क्लिकने उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या रजिस्टरात उतरतात.